आधी माय, मग भाऊ

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो. शेजारी खुर्ची ठेवून अभ्यासाला बसवतात तसले नव्हे. मी लाँड्रीतले, चादरींच्या घड्या घालायचे लांबलचक टेबल आहे. सुताराने मला घडवले तेव्हा माझी पाठ इतकी गुळगुळीत होती की माशीचाही पाय घसरावा. आता तिच्यावर इस्त्रीचा काळा डाग आहे. तो कोणी पाडला ते मी सांगणार नाही, पण त्या घरात तेव्हा पुरुषमाणूस एकच होता.

लाँड्री दोन जावांची. थोरलीचा नवरा गठ्ठे आणायचा आणि पोहोचवायचा. धाकटीचा नवरा दूर कुठेतरी नोकरीला होता. दवाखान्याच्या चादरी दोघी माझ्यापाशी घडी घालायच्या. एकीने या टोकाला उभे राहायचे, दुसरीने त्या टोकाला, आणि दोघींनी मिळून गायचे. गाणी कोणी रचली ते कोणालाच ठाऊक नव्हते. धुणे धुणाऱ्या बायका ती एकमेकींकडून शिकत आल्या होत्या. ओळ संपली की दोघींनी एकदम हिसडा द्यायचा. सुरकुती पळालीच पाहिजे. पुढच्या ओळीला चालत जवळ यायचे आणि टोकाला टोक भिडवायचे. ढीग कितीही मोठा असो, गाणे सुरू झाले की त्या दोघींचे चेहरे हलके व्हायचे आणि मलाही पाठीवरचे ओझे जाणवायचे नाही.

भांडण मात्र रोजचे. थोरलीचे आवडते गाणे असे होते:

*माय माझी दूर गं, तिची सावली दारात,*
*भाऊ माझा दूर गं, त्याची पाऊले उन्हात.*

धाकटी हमखास भावाची ओळ आधी घ्यायची. मग थोरली चादर हवेत तशीच धरून ठेवायची. बरोबर ओळ आल्याशिवाय टोक सोडायची नाही. "आधी माय, मग भाऊ. गाण्यालाही रीत असते," ती म्हणायची. धाकटी हसून पुन्हा गायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकायची. पालथ्या घड्यावर पाणी.

मग थोरलीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात दुबळा झाला आणि बोलणे पार गेले. सगळे समजायचे, पण जिभेवर शब्द येईना. नवरा पेला दाखवून विचारायचा, हे काय? तिचे ओठ थरथरायचे आणि डोळे भरायचे. काही दिवसांनी तिने पेल्याकडे बघणेच सोडले. लहान मुलासारखे शिकवलेले त्या मानी बाईला सोसेना. आता ही कधीच बोलणार नाही, असे घरात कोणी म्हणत नव्हते, पण सगळ्यांच्या मनात तेच होते.

माझी अवस्थाही विचारू नका. माझ्यावर रिकामे डबे आले, फुटकी बादली आली. धाकटी कोपऱ्यात उभी राहून चादरीचा मध्य हनुवटीखाली दाबून एकटीच घड्या घालायची. हनुवटीखाली चादर दाबलेली असल्यावर गाणार कशी? घड्या वाकड्या, लाँड्री मुकी.

एके दुपारी फार मोठी चादर आली, धाकटीच्या हनुवटीला पेलेना. थोरली खुर्चीत बसलेली होती. धाकटीने डबे खाली उतरवले, खुर्ची माझ्यापाशी ओढली, चादरीचे एक टोक जावेच्या डाव्या मुठीत दिले आणि दुसरे दुबळ्या हाताभोवती गुंडाळले. "नुसतं धरा, जाऊबाई. बाकी मी बघते," ती म्हणाली. मग सवयीने तिच्या तोंडून गाणे निघाले. थकलेली होती बिचारी, भावाचीच ओळ आधी आली.

ओळ संपली. धाकटीने ओढले, पण चादर हलेना. थोरलीची मूठ घट्ट होती. तिला त्रास होतोय असे वाटून धाकटी पुढे धावणार, तोच खरखरीत, पण पक्क्या सुरात आवाज आला:

*माय माझी दूर गं...*

धाकटी मटकन खाली बसली आणि रडू लागली. थोरली थांबली नाही. सबंध ओळ गाऊन तिने डाव्या हाताने असा हिसडा दिला की माझे पायसुद्धा हलले.

डॉक्टर म्हणाले, असे होते कधी कधी. बोलणे अडते तिथे गाणे वाट काढते. त्यानंतर थोरली चहाही चालीवर मागू लागली. नवरा म्हणायचा की जन्मभर हिची बोलणी ऐकली, आता ती निदान सुरात आहेत. हळूहळू साधे शब्दही आले; अडखळत आले, पण आले. घराने सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझ्या पाठीवर पुन्हा चादरी आल्या.

एकदा घडी घालताना थोरलीने स्वतःच गाणे सुरू केले, आणि भावाची ओळ आधी घेतली. धाकटी चादर धरून बघतच राहिली.

"तुझी आई लवकर गेली," थोरली एकेक शब्द जुळवत म्हणाली. "भावानं वाढवलं तुला. तुझी माय... तोच की. मला आधी सुचायला हवं होतं."

धाकटीने हिसडा दिला, आणि सुरकुती पळाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या टेबलावर गरम इस्त्री ठेवू नका, एवढे तर मी मागणारच. पण तुमच्या घरात कोणी काम करता करता गुणगुणत असेल, तर त्यांना गप्प करू नका. जवळ जा, एक टोक धरा आणि त्यांच्याबरोबर गा. ओळ चुकली तरी चालेल.