विरोध एक

आमच्या गल्लीच्या मंडळाच्या ठरावावर रॉस्को टिलरी यांचा हात वर गेला तो कायम विरोधातच. कोपऱ्यावरचा दिवा दुरुस्त करून घ्यायचा, विरोध. जुलैत रस्ता अडवून गल्लीचं जेवण घालायचं, विरोध; आणि त्या दिवशी तळलेल्या माशांच्या रांगेत सगळ्यात पुढे हेच. एका घरमालकाने ऐन थंडीत दोन पोरांच्या आईला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या दारात ठिय्या द्यायचं ठरलं. त्यालाही यांनी विरोध केला आणि मग बर्फात खुर्ची टाकून सहा तास बसले. मी, लुव्हेनिया बॅटल, या मंडळाची चिटणीस. सतरा वर्षं वहीत तेच लिहीत आले: मंजूर, विरोध एक.

"अहो मिस्टर टिलरी, तुमचं म्हणणं तरी काय आहे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"म्हणणं काही नाही. आमच्या मिसिसिपीत सगळे एकदम हो म्हणायचे, शेरीफच्या बंदुकीच्या धाकाने. मी शिकागोला आलो तो नाही म्हणायला."

चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. बायको गेल्यापासून माझ्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर एकटेच राहत. पुढच्या गॅलरीत टोमॅटोच्या कुंड्या होत्या. त्यांना रोज सकाळी सातला पाणी घालत आणि खालून जाणाऱ्यावर चार थेंब मुद्दाम सांडत.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या घरातली मिस ओडेल वारली आणि तीन दिवस कुणाला कळलं नाही. लाजेने आमच्या माना खाली गेल्या. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं दार रोज सकाळी ठोठावायचं, असा ठराव मी मांडला.

"म्हणजे रोज सकाळी दारात येऊन विचारणार, जिवंत आहात का?" टिलरी खेकसले. "त्यापेक्षा पडद्यावर ठेवा. मी उठलो की रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा वर करीन. नऊपर्यंत वर नसला तर या खुशाल. वर असला तर माझ्या वाटेला जाऊ नका."

सगळ्यांना पटलं. मतदान झालं, तेव्हा स्वतःच्याच सूचनेविरुद्ध त्यांनी हात वर केला. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हापासून रोज नऊला मी माझ्या पायऱ्यांवर बसून सात खिडक्यांवर नजर फिरवत असे आणि वहीत खुणा करत असे.

मग हा ऑगस्ट आला, उष्णतेची लाट घेऊन. सोमवारी आमच्याकडची वीज गेली. हायवेच्या पलीकडे, जिथे घरांना हिरवळी आहेत, तिथले दिवे त्याच संध्याकाळी परत आले. आमच्याकडे मात्र फोन केला की एकच उत्तर, तक्रार नोंदवली आहे. आमची अध्यक्ष मिस अर्लीन तीस माणसं घेऊन वीज कंपनीच्या दारात जाऊन बसली. मी इकडे चर्चच्या तळघरात जनरेटर, पंखे आणि बर्फाच्या पेट्या लावून म्हाताऱ्यांना एकेक करून नेत होते. सहा जण आले. सातवा राहिला.

बुधवारी दुपारी मी त्यांचा जिना चढले. घरात भट्टी पेटल्यासारखं झालं होतं.

"चला. तळघरात गार आहे."

"जमिनीखाली जायला मला अजून वेळ आहे, पोरी."

"थट्टा पुरे! माझे गुडघे बघा कसे सुजलेत, तरी आलेय."

"मग चढतेस कशाला? पडदा आहे ना?"

माझं डोकं सटकलं. तीन दिवस झोप नव्हती. "ठीक आहे! उद्यापासून पडदा वर दिसला, की मी तुमच्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही."

"वहीत लिहून ठेव," ते म्हणाले.

गुरुवारी नऊला पडदा वर होता. मी खूण केली. खरं सांगते, मनात म्हटलंही, बसा आता घामात. आणि निघून गेले.

संध्याकाळी पाचला परत येताना सहज वर बघितलं, तर टोमॅटोची रोपं माना टाकून पडली होती. मला एकदम कळलं, आज सातला त्यांना पाणी पडलेलं नाही. मंडळाकडे सगळ्यांच्या जास्तीच्या किल्ल्या असतात. मी गुडघे विसरून धावले. ते स्वयंपाकघरात जमिनीवर पडले होते, हात नळाच्या दिशेने. मी कितीतरी हाका मारल्या.

डॉक्टर म्हणाला, उष्माघात, दुपारी बाराच्या सुमारास गेले. "सकाळी कुणी आलं असतं तर..." एवढं बोलून त्याने माझ्याकडे बघितलं आणि कागद भरायला घेतले.

शुक्रवारी वीज आली.

त्यांची मुलगी रोझलिंड मेम्फिसहून आली. अंत्यविधीनंतर चर्चमध्ये जेवण होतं. मी कोपऱ्यात ताट घेऊन बसले होते. ती शेजारी येऊन बसली आणि माझा हात धरला.

"मिस लुव्हेनिया, डॅडीला तुमची फार काळजी होती हो. बुधवारी रात्री फोनवर म्हणाले, लुव्हेनियाला जिना उतरताना खिडकीतून बघितलं, पायरीपायरीला थांबत होती. उद्या मला उठायला उशीर झाला तर बिचारी परत धावत येईल. म्हणून पडदा आत्ताच वर बांधून ठेवलाय, म्हणाले."

तिला वाटलं, मला बरं वाटेल. मी तिला थोपटलं. पडद्याच्या दोरीला खिळ्याशी दुहेरी गाठ मारलेली मी गुरुवारी आत गेले तेव्हाच बघितली होती. मला वाटलं होतं, रागाने मारली. रागाने मारली असती तर बरं झालं असतं.

सप्टेंबरच्या बैठकीत मी ठराव मांडला. पडदा बंद. रोज दार ठोठावायचं आणि आतून आवाज आल्याशिवाय हलायचं नाही.

"बाजूने?" मिस अर्लीनने विचारलं. हात वर झाले.

"विरोधात?"

सवयीने सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. तिथे त्यांची खुर्ची रिकामी होती. मिस अर्लीन थांबली. नेहमीपेक्षा जास्तच थांबली. मीही पेन धरून बसले होते. मनात म्हणत होते, म्हणा हो, एकदा नाही म्हणा.

"लिही, लुव्हेनिया," ती शेवटी हळूच म्हणाली.

सतरा वर्षांत पहिल्यांदाच मी वहीत लिहिलं: एकमताने मंजूर.