मेंढ्यांचा रिकोटा

प्रोविदेन्साने बोरूच्या कांडीवरून मैद्याची तळलेली नळी अलगद ओढून काढली आणि परातीत ठेवली. नळ्यांचा ढीग झाला होता. भरायला मात्र काहीच नव्हतं. तिचा धाकटा भाऊ मेल्किओरे डोंगरावरून आपल्या मेंढ्यांच्या दुधाचा रिकोटा, म्हणजे मऊ ताजं चीज, कालच आणणार होता.

दुकानात म्हाताऱ्यांचा कार्निव्हलचा ठरलेला वाद रंगला होता: रिकोटा भरलेली ही नळी, हा कान्नोलो, मुळात केला कुणी?

“कान्नोलो पहिल्यांदा केला तो अरब अमीराच्या बायकांनी. नवरा लढाईवर, बायकांना उद्योग नको?” गाएतानो मास्तर म्हणाले.

“काहीतरीच! मठातल्या नन्सनी केला,” दुसरा म्हातारा म्हणाला.

“कुणीही केला असेना,” प्रोविदेन्सा म्हणाली, “तिच्या घरी मेंढ्या होत्या, एवढं नक्की.”

सगळे हसले. तेवढ्यात मेल्किओरे दारात येऊन उभा राहिला. हात रिकामे होते.

“नेल्या,” तो म्हणाला.

“कुणी?”

“गुरांच्या सरकारी डॉक्टरांनी. दोन-चार रोगी निघाल्या की अख्खा कळप कापायचा, असा नियम आहे म्हणे. माणसं वाईट नव्हती गं. एकानं मला सिगरेट दिली.”

“गाभण्यासुद्धा?”

“सगळ्या. ट्रकात चढेचनात. मारझोड करायला लागले, तेव्हा मीच पुढे चढलो. मग आल्या माझ्यामागे.”

म्हातारे खाली बघत राहिले. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ठेवली.

बाहेर बँड वाजू लागला, दारात रांग लागली. प्रोविदेन्साने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. पदर खोचावा तसा तिने एप्रन आवळला आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून गाईच्या दुधाचा रिकोटा आणला. चाळला, साखर घातली, नळ्या भरू लागली. मेल्किओरे गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून होता. जायला त्याला दुसरीकडे जागा नव्हती.

दरवर्षी शहरातून येणाऱ्या एका बाईने उभ्याउभ्याच एक संपवला आणि बोटं पुसली.

“यंदा फार छान झालाय हं! मेंढीचा तो उग्र वास अजिबात नाही. आता असाच करत जा.”

प्रोविदेन्साचा हात थबकला. तिने भावाकडे पाहिलं.

मेल्किओरेने परातीतली एक नळी उचलून तिच्यापुढे धरली.

“भर,” तो म्हणाला. “बाईंना अजून एक दे.”