माझी जागा डावीकडे

मित्रांनो, मी एक जुनी टेझर आहे. अंगाने पिवळीधमक, नोकरीने पोलिसांची. माझा चाप ओढला की दोन बारीक तारा सुटतात, समोरच्याला विजेचा झटका बसतो आणि तो ताठ होऊन खाली पडतो. पिस्तुलाने जीव जातो, मी सहसा कुणाचा जीव घेत नाही. याचा मला भारी अभिमान आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. शिक्रापूरजवळच्या एका पोलीस चौकीत मी आले, तेव्हा सगळे मला जत्रेतलं खेळणं म्हणून हसले. फौजदार सत्यजीतसाहेबांनी मात्र मला कमरेला जागा दिली. पिस्तूल उजवीकडे, मी डावीकडे. साहेबांचा उजवा हात वर्षानुवर्षं पिस्तुलाकडेच जायला शिकलेला, म्हणून आम्हा दोघांना असं लांब ठेवलं होतं.

दसऱ्याला चौकीत शस्त्रपूजा झाली. पट्टे उतरले, बंदुका आणि काठ्या पाटावर मांडल्या. मलाही हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल! मी अगदी हरखून गेले. तेवढ्यात फोन आला, हायवेवर एकजण कुऱ्हाडीने ट्रक फोडतोय. साहेबांनी घाईघाईने पट्टा आवळला आणि मला खोचलं उजवीकडेच, पिस्तुलाला खेटून. मला तिथे मुळीच बरं वाटेना, पण माझं कोण ऐकणार?

हायवेवर ट्रकखाली सापडलेल्या मेंढ्या मरून पडल्या होत्या. शंभू नावाचा तरुण मेंढपाळ कुऱ्हाडीने केबिनची काच फोडत होता आणि आत ड्रायव्हर सीटखाली दडला होता. शंभूचे वडील हरिबा हात जोडून पुढे आले.

"साहेब, पोरगं वाईट न्हाई. मेंढरं मेली म्हनून डोकं फिरलंय त्याचं."

एवढ्यात शंभू कुऱ्हाडीसकट साहेबांकडे वळला. साहेब ओरडले, "टेझर! टेझर!" मला चालवण्याआधी असं ओरडायची पद्धत आहे. मी तयार झाले. पण मला हात लागलाच नाही. साहेबांचा हात घाबरून नेहमीच्या वाटेने गेला होता. मुठीत पिस्तूल होतं, आणि त्यांना वाटत होतं की मुठीत मीच आहे. मित्रांनो, मी तर अजून पट्ट्यातच होते!

शेजारी हवालदार सुलक्षणाताई होत्या. पट्ट्यात अडकलेला माझा पिवळा रंग त्यांना दिसला.

"साहेब, थांबा! टेझर कमरंलाच हाय! हातात पिस्तूल हाय तुमच्या!"

साहेबांचं बोट चापावरून निघालं. शंभूनेही ते ऐकलं. कुऱ्हाड टाकून तो मेलेल्या मेंढीजवळ मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

हरिबांनी खिशातून आपट्याची पानं काढली. "सोनं घ्या, ताई. माझं सोनं तुमी राखलं." मग ते साहेबांकडे वळले. साहेबांनी पिस्तूल परत पट्ट्यात खोचलं. हरिबांनी त्यांचा उजवा हात धरला, त्यात एक पान ठेवलं आणि मूठ मिटवली.

आता माझ्या अंगावर ओरखडे आलेत, रंगही विटलाय. तरी रोज सकाळी साहेब मला डाव्या हाताने काढायचा सराव करतात. मित्रांनो, वस्तू जपणं म्हणजे नुसतं पुसून पुजणं नव्हे. तिची जागा ठरवा आणि ती जागा आपल्या हातालाही शिकवा. पुढच्या दसऱ्याला मला फूल वाहायचं राहिलं तरी चालेल. पूजा झाली की मला डावीकडे ठेवा.