चाकांवरचं बिऱ्हाड

माझ्या बहिणीनं घर बांधलं न्हाय, घर आणलं. ट्रॅक्टरला जोडून आणलं. जळकोटला हायवेवर ट्रॉल्या बनवणारा रेवणसिद्ध हाय, त्याच्याकडनं लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचं घर करून घेतलं. सतरा फूट लांब, आठ फूट रुंद, खाली चार चाकं. चैतात एका सकाळी ते आमच्या बेंबळीत आलं तवा अर्धं गाव मागं चालत होतं. मला आधी कुणी सांगितलं असंल तर शपथ!

मी बब्रुवान. वय पासष्ट, सहा खोल्यांचं घर, शेत रस्त्याला लागून. अयोध्या माझ्याहून बारा वर्सांनी लहान. नवरा गेला तवा सोनारीहून माघारी आली, ती चोवीस वर्सं माझ्याच घरात ऱ्हायली. अंगणवाडीत मदतनीस हाय. माझ्या घरात तुला काय कमी होतं, हे म्या तिला धा बार विचारलं. ती एकदाच बोलली, "दादा, पावणा आला की माझी वाकळ ह्या खोलीतनं त्या खोलीत जाते. चोवीस वर्सं जातीय." आता हे काय कारण झालं व्हय?

बरं, घर कुठं उभं केलं? माझ्याच शेताच्या कडंला, लिंबाखाली. लोक काय गप बसतेत? पारावर एकानं विचारलंच, "बापू, बहिणीला डब्यात ठिवलं म्हणं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन ताट सरकावलं. बायको माझी इरम्मा, अक्कलकोटकडची, तोंडानं फटकळ. म्हणाली, "डब्यात ऱ्हाती ती. पोट तुमचं कशाला दुखतंय?"

खरं सांगू? रागापरीस मला नवल जास्त वाटत होतं. सतरा फुटांत माणूस जगतंय कसं? आमच्या घरात नुसत्या चपलाच तेवढी जागा खातेत.

वैशाखात पत्रा असा तापला की म्या म्हटलं, आता येती परत. ती आली न्हाय. तिनं छतावर तुराट्या आंथरल्या आन वर भिजवलेली पोती टाकली. वळवाच्या वाऱ्यात घर गदागदा हाललं, तर दुसऱ्या दिवशी चारी कोपरे साखळीनं खुंट्यांना बांधले, बैल बांधावा तसं. पाण्याला निळा डरम. संडास मागं, वेगळ्या आडोशाला. लसणाची फोडणी दिली की अंथरुणाला दोन दिस वास येतो म्हणं. पावसाळ्यात कपडे वाळत न्हाईत, भितीला आतनं पाणी सुटतं. ह्या सगळ्या बातम्या मला इरम्मा आणून द्यायची, ती रोज जायची. मी जात नव्हतो. मानाचा सवाल होता.

भादव्यात एक दिवस अयोध्या अंगणवाडीत गेलेली बघितली आन मी हळूच गेलो. कुलूप नव्हतं, नुसती कडी. आत शिरतानाच चौकट थाडकन कपाळाला लागली. कपाळ चोळत बघतो तर काय, सगळ्याला कड्या! डब्यांच्या पुढं पट्टी, कपाटाला कडी, फळी भितीला टेकवलेली, ती पाडली की भाकरी थापायला जागा. दारातली पायरी उघडली, आत डाळ. पलंगाची फळी उचलली, खाली ज्वारी आन वाकळा. वीतभर फळीवर देव. मला आधी हसू आलं, मग कौतुक वाटाय लागलं, आन कौतुक वाटतंय ह्याचाच राग आला.

पलंगावर जरा टेकलो. टेकलो तो आडवा झालो. पाय बाहेर लोंबत होते, पर खिडकीतनं माझं सगळं शेत दिसत होतं. सोयाबीन, बांध, पल्याड तूर. माझ्या सहा खोल्यांतनं एवढं कधी दिसलं न्हाय. वारं बी झकास येत होतं. डोळा कवा लागला कळलंच न्हाय.

"दादा."

दारात अयोध्या उभी!

"कडी नीट लागती का बघाया आलतो," मी उठत म्हणालो.

"झोपून?"

म्या टोपी सारखी केली. ती हसंल असं वाटलं, पर हसली न्हाय. पिशवी खुंटीला अडकवली आन म्हणाली, "चोरून कशाला येता, दादा? भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जात असतो. मला घर नव्हतं, म्हणून चोवीस वर्सं म्या तुमच्याच घरात तुमाला ओवाळलं. औंदा तुमी माझ्या घरी या. आला तर हितंच ऱ्हाते. न्हाय आला तर दुसऱ्या दिवशी घर जळकोटला. रेवणसिद्धानं वर्कशॉपच्या मागं जागा दिलीय."

"मला धमकी देती व्हय गं?"

"न्हाय. तारीख सांगती."

दोन महिने म्या तोंड फुगवून काढले. पर जीव ठिकाणावर नव्हता. जळकोट काय शेजारच्या गल्लीत हाय? आमच्या आईबापाचं म्हणावं असं माणूस आता ती एकटीच. ती गेली तर माझ्या लहानपणीचं बोलायचं कुणाशी? इरम्माला हे सांगितलं तर म्हणाली, "मला कशाला सांगता? तिला जाऊन सांगा."

भाऊबीजेला सकाळीच अंघोळ केली, नवी टोपी घातली आन निघालो. संगं इरम्मा आन आमचा लेक योगीराज. ह्या बारी चौकटीला वाकून आत गेलो. आत रांगोळी, पाट, ताटात दिवा. अयोध्या लग्नघरातल्यासारखी लगबग करत होती. एवढं खूश तिला म्या कवा बघितलं होतं, आठवंना.

मी पाटावर बसलो, तिनं ताट उचललं, आन तिथंच थबकली.

"दादा, तोंड दक्षिणेला येतंय."

आता दक्षिणेला तोंड करून कुणी ओवाळून घेतं का? ते मेलेल्याचं काम. मी उठून उलटा बसलो, तर नाकापुढं पलंग. ती उभी कुठं ऱ्हाणार? आडवा बसलो, तर गुडघे भितीला. घर उभं करताना सगळ्यांनी दार उगवतीला आलंय का तेवढं बघितलं होतं. रेवणसिद्धानं सगळं मोजून केलं, भाऊ तेवढा मोजायचा ऱ्हायला.

"बाहेर अंगणात बसा की," इरम्मा म्हणाली.

"अंगण दादांचं हाय, वैनी," अयोध्या म्हणाली. "घर माझं हाय." आन तिनं ताट खाली ठिवलं. तोंड एवढंसं झालेलं.

मला ते बघवंना. "योग्या!" मी वरडलो. "ट्रॅक्टर आण! भाऊ बसत न्हाय तर घर फिरवा!"

लोक म्हणाले म्हाताऱ्याला खूळ लागलं. लागू दे! साखळ्या सोडल्या, घर ट्रॅक्टरला जोडलं. काळी माती अजून ओली. मागचं एक चाक बसलं ते उठायचं नाव घेईना. दगड घातले, तुराट्या घातल्या, पारावरचे तेच टवाळ आले आन त्यांनीच खांदा लावला. दिवा इझू नये म्हणून इरम्मा ताट घेऊन आतच बसलेली. खिडकीतनं तिचं चाललंय, "ए हळू! ए हळू रं!" पाव फेरा फिरवायला तासभर गेला. दार उत्तरेला आलं आन पाट उगवतीला. आत जाऊन बघतो तर एक डबा पडला नव्हता. कड्यांचा गुण!

अयोध्यानं मला ओवाळलं. म्या ताटात नवी इरकल साडी ठिवली. तिनं ती उराशी धरली, मग वाकून पलंगाची फळी उचलली, नवी साडी आत ठिवली आन एक जुनी काढून माझ्या मांडीवर दिली.

"ही तुमी न्या, दादा. ह्या घरात नवं एक आलं की जुनं एक जातं. जागाच न्हाय."

हिरवी इरकल, काठ लाल. घडी सुद्धा मोडलेली नव्हती. म्या ओळखली. वीस वर्सांखाली तहसीलला नेऊन तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली, बापाच्या जमिनीतला तिचा हिस्सा माझ्या नावी करून घेतला, त्या दिवशी येताना म्याच ही घेऊन दिली होती. समदेच भाऊ घेतेत, म्या बी घेतली. ती एक शब्द बोलली नव्हती. आन मी खुळा सहा महिने इचार करत होतो, घराला चाकं कशाला? पायाखाली सोताची वीतभर जमीन नसंल, तर माणसानं पाया खणायचा कुठं?

मला रडू आलं. योग्यापुढं, इरम्मापुढं, सगळ्यांपुढं आलं.

"चुकलं माझं, अयोध्ये," मी म्हणालो. "सोमवारी तलाठ्याकडं जाऊ. लिंबापासनं बांधापर्यंतचा तुकडा तुझ्या नावावर करू. मग रेवणसिद्धाला बोलवू, चाकं काढू, खाली चांगलं दगडी जोतं घालू."

तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्या तोंडात करंजी घातली. म्हणाली, "जळकोटला येत न्हाय म्हणून त्याला आजच फोन करते. पर चाकं आत्ता ऱ्हाऊ द्या, दादा. आधी सातबाऱ्यावर माझं नाव येऊ द्या."

एवढा बी भरवसा न्हाय माझ्यावर? तोंडापर्यंत आलं होतं. पर मांडीवर ती साडी होती. मी गुमान करंजी खाल्ली.

सोमवारी तलाठी जाग्यावर नव्हता. मंगळवारी परत गेलो.