जमादारणीच्या पोटातला पुरावा

मी नसीर मुलाणी. लोणावळ्याहून पवना धरणाकडं उतरलं की डाव्या हाताला आमचं गाव लागतं. मी गल्लीत शिरलो की गावातल्या कोंबड्या गप्प होतात. का होणार नाहीत? पन्नास वर्षं माझी सुरी फिरल्याशिवाय इथं कुणाच्या घरी रस्सा शिजला नाही. कोंबडी बाहेरून सगळेच बघतात, मी आतून बघितली आहे. एकीच्या पोटात मला रेल्वेचा नट सापडला, एकीच्या पोटात नवरीचं जोडवं, आणि खंडाळ्याच्या बंगल्यातल्या एकीच्या पोटात घड्याळाचं चाक. हातात घेतलं तेव्हा ते फिरत होतं. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं ती कोंबडी घेऊन यावी.

पण ही गोष्ट हनुमंताच्या बंगल्याची आहे. त्यानं शेतात बंगला बांधला, मुंबईचे पाहुणे आणायला लागला आणि पाटी लावली: 'चुलीवरचं अस्सल गावरान चिकन'. पाटी लागली आणि मला बोलावणं बंद झालं. वर चावडीपाशी चारचौघांत म्हणाला, "नसीरचाचाला आता कोंबडी आन् उशी यातला फरक दिसत न्हाई." लोक हसले. मीही हसलो. पण ते वाक्य तीन वर्षं मी गाठीला बांधून ठेवलं होतं.

त्या बंगल्याच्या कुंपणाला लागून विठाबाईचं घर. एकटी बाई, आणि तिची तांबडी कोंबडी, जमादारीण. या कोंबडीनं एकदा मुंगसाला धरणाच्या भिंतीपर्यंत पळवलं होतं. मुंगूस पाण्यात उडी मारून सुटलं म्हणून वाचलं. भादव्यातल्या एका शनिवारी, दिवस उगवायच्या सुमाराला, विठाबाई जमादारणीला पदरात गुंडाळून माझ्या दारात उभी राहिली.

"नसीरभाऊ, काप हिला."

"सण न्हाई, पावणा न्हाई. कापू कशाला?"

"त्या हनम्यानं इख घातलंय. तिचं पोट फाड, इख भाईर काढ. मी त्याच्याच तोंडात कोंबते!"

खरं सांगतो, माझ्या मनाला गुदगुल्या झाल्या. हनुमंतानं विष घातलेलंच असू दे, अशी मी मनातल्या मनात मागणीसुद्धा केली. पण पन्नास वर्षांची सवय. हात आधी कोंबडीकडं गेला.

तुरा फिका पडलेला. पिसं फुगवून, मान खांद्यात घालून बसलेली.

"खाती का?"

"दोन दीस दान्याला तोंड लावलं न्हाई."

मान सरळ होती, शीट हिरवी नव्हती, म्हणजे मानमोडी नाही. छातीला कान लावला. घरघर नाही, म्हणजे सर्दी नाही. बोटाला गोडं तेल लावून अंडं अडकलंय का ते बघितलं. अंडं नव्हतं. जमादारणीनं मात्र माझ्या मनगटाला कडक चोच मारली, तेव्हा कळलं की जीव अजून शाबूत आहे. विष घातलं असतं तर दोन दिवस कशाला राहिली असती?

मग गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. सकाळी ती रिकाम्या बटव्यासारखी लोंबायला पाहिजे, कारण कोंबडी रात्री खात नाही. हिची पिशवी संत्र्याएवढी टम्म. दाबली तर आतून आवाज आला, 'चुर्र!'

विठाबाई दचकली. "काय वरडलं गं बाई आत?"

मी पुन्हा दाबली. चुर्र! दाणा असा बोलत नाही. गवत बोलत नाही. नट आणि जोडवीही बोलत नाहीत.

"चल, तुझं खुराडं दाव," मी म्हणालो.

खुराड्यात कोपऱ्यात एक गोणी होती, चोची मारून मारून चाळण झालेली. आतून थर्माकोल, फुग्यांच्या चमकी फिती आणि रंगीत पट्ट्यांचा ढीग बाहेर आला होता. मी विठाबाईकडं बघितलं. तिनं नजर चुकवली.

झालं होतं असं. हनुमंताचे पाहुणे दर आठवड्याला वाढदिवस करायचे आणि उरलेला पसारा कुंपणावरून विठाबाईच्या परसात यायचा. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ती उठून बोलली, तर हनुमंत म्हणाला, "पुरावा आना मावशी, पुरावा." त्या दिवसापासून बाई पुरावा गोळा करत होती. दोन ऑक्टोबरच्या सभेत गोणी त्याच्या डोक्यावर ओतायची असं ठरलेलं. पण घर गळतं. अख्ख्या घरात कोरडी जागा एकच, कोंबडीचं खुराडं. आणि कोंबडीला थर्माकोल म्हणजे तुम्हाआम्हाला जिलेबी.

"म्हंजी... मीच घातलं व्हय रं तिला?" विठाबाई मटकन खाली बसली. मग एकदम उठली. "न्हाई! टाकलं त्यानं. सभेपर्यंत जगवशील का? तितं काप. समद्यांम्होरं पोटातनं पुरावा पडू दे."

"सभेला दहा-बारा दीस हायती. ही उद्याचा दिवस बघायची न्हाई."

"मग?"

"मग आत्ताच पिशवी चिरायची, घान काढायची, शिवायचं. जगंल बी."

"हितं चिरलीस तर तो म्हननार, तुमीच भरलं." ती जमादारणीकडं बघत राहिली. एका डोळ्यात सूड आणि एका डोळ्यात पाणी, असं तोंड मी पुन्हा बघितलं नाही. शेवटी तिनं कोंबडी उचलून छातीशी धरली. "हिला घालवून मला कायबी नगं. शीव तू."

मी पिशवीला तेल चोळून, कोंबडी उलटी धरून बघितली, काही उतरेना. सुरीशिवाय गत्यंतर नव्हतं. पण बाईचा सूड सुटला तरी माझा कुठं सुटला होता? मी म्हणालो, "चिरायला उजेड पायजे, स्वच्छ टेबल पायजे आन् उकळतं पानी. माझ्या घरात उजेड न्हाई."

"मग कुटं हाय?"

मी कुंपणापलीकडं बोट केलं.

दुपारी बाराच्या ठोक्याला आम्ही हनुमंताच्या मांडवात शिरलो. वीस-बावीस पाहुणे ताटावर बसलेले, तांबडा रस्सा वाढून झालेला. मधल्या मोकळ्या टेबलावर मी धुतलेलं फडकं पसरलं, कोरं ब्लेड आणि सुईदोरा काढला, कोंबडीच्या डोक्यावर टोपी ठेवली. अंधार झाला की कोंबडी गप्प बसते.

हनुमंत धावत आला. "चाचा, ह्ये काय चालवलंय?"

"उशी उसवली रं. शिवायला बसलोय."

"पावणे जेवत्यात माझे!"

"जेवू दे की. पानी उकळाय ठेव."

पाहुण्यांनी तोवर मोबाईल वर केले होते. एक बाई, तेजल तिचं नाव, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती खुर्ची ओढून जवळच आली. "बाबा, मी धरू का?" तिनं धरली, आणि चांगली धरली. मी पिसं उपटली, दीड बोट चीर दिली, कातडीला एक आणि पिशवीला एक. विठाबाई डोळे मिटून उभी होती.

आधी थर्माकोल निघाला, वाटीभर. मग चमकी फीत. मी ओढतोय, फीत येतेय. पहिल्या टेबलापर्यंत गेली, दुसऱ्यापर्यंत गेली, चुलीपाशी पोचली तरी संपेना. कुणी म्हणतं चार हात होती; मी तिथं होतो, मी अकरा मोजले. शेवटी तिच्या टोकाला गुंतून एक कागदी पट्टा आला. मी तो पाण्यात धुऊन उंच धरला. पट्ट्यावर फेटा बांधलेल्या हनुमंताचा फोटो. मिश्यांसकट.

मांडवात बसलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या मनगटावर तसाच पट्टा होता.

सगळ्यांनी आधी आपल्या हाताकडं बघितलं, मग ताटाकडं. एका गृहस्थानं तोंडातला घास हळूच रुमालात घेतला. "म्हणजे गावरान कोंबड्या इथं हे खातात?"

हनुमंत माझ्याकडं बघून डोळ्यांनी विनवायला लागला. तीन वर्षांची गाठ मी तेव्हा सोडली.

"छे छे, साहेब, बिनघोर जेवा," मी सुई ओवत म्हणालो. "गावरान कोंबडी खाती ह्ये. तुमच्या ताटात गावरान हायच कुटं? ती तर सोमाटण्याकडनं टेम्पोतनं आलेली ब्रॉयलर. त्ये तंगडीचं हाड बघा, बोटानं मोडतंय. गावरानचं हाड मोडायला दात पडत्यात."

कडाक, कडाक, कडाक! बावीस ताटांत हाडं मोडून बघितली गेली. त्याच्याएवढं गोड संगीत मी आयुष्यात ऐकलं नाही. त्या तालावर मी आत तीन टाके घातले, बाहेर चार, आणि वर हळद दाबली. तेजलनं टाके बघितले आणि म्हणाली, "आमच्या सरांनाही असे येत नाहीत." मी हनुमंताला विचारलं, "काय रं, दिसतंय का मला?"

पाहुणे वडापाव खायला लोणावळ्याला गेले.

संध्याकाळी तो पायलीभर तांदूळ घेऊन विठाबाईच्या दारात आला. "मावशी, चुकलं. आजपासनं कुंपणावरनं कागूदबी येनार न्हाई. सभेत काढू नका."

विठाबाईनं जमादारणीकडं बोट केलं. "मला काय इचारतोस? तिला इचार. तुज्या हातचं खाल्लं तर मिटलं."

हनुमंत उकिडवा बसला, तळहातावर तांदूळ धरले, तुतू केलं. जमादारणीनं एकदा बघितलं आणि त्याच्याकडं पाठ केली.

टाके घातलेल्या कोंबडीला तीन-चार दिवस दाणा चालत नाही, हे मीच बाईला सांगितलं होतं. म्हणून तो दिसायच्या आधीच तिनं जमादारणीला दहीभाताची पातळ पेज भरपूर पाजली होती.

टाके केव्हाच भरून आले. जमादारीण आता अंडी घालते, मुंगसाच्या शोधात हिंडते. हनुमंत दर शनिवारी परसातला कचरा स्वतः वेचून काढतो, मग तळहातावर तांदूळ घेऊन बसतो. कुंपणाचं फाटक वाजलं की विठाबाई आधी कोंबडीला पोटभर पेज पाजते.

तो तांदूळ तिथंच टाकून गेला की जमादारीण सगळे फस्त करते. हे हनुमंताला मी अजून सांगितलेलं नाही.