नाव सडकेवरून दिसलं पाहिजे

माझा श्रीनिवास जेवताना कधी मान वर करत नाही, आणि आज तर तो हात न धुताच पाटावर बसला. सदऱ्याच्या बाहीला रक्त, तरी भाकर मोडायला लागला. गावभर कॉलेजच्या संस्थेचा सेक्रेटरी म्हणून मिरवतो, पण आईपुढे कसं बसावं ते शिकला नाही.

"रक्त कोनाचं हाये?"

"जिनात खरचटलं."

"हात दाखव."

दाखवला. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मी ताट ओढून घेतलं. तेवढ्यात आमच्याकडे भांडी घासणारी भागीरथा मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, टोल्याकडे चाला. तानबाले लय मारलं."

श्रीनिवास तेव्हाही मान खालीच घालून बसला होता.

टोला म्हणजे सडकेपलीकडची गोंडांची वस्ती. कारंज्यात कॉलेज काढायचं ठरलं तेव्हा टोल्याला लागून असलेलं वावर मीच दिलं. माझे दीर आनंदराव संस्थेचे अध्यक्ष झाले. पायाच्या दगडावर आमच्या वारलेल्या मालकांचं नाव कोरा, असं मी म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू. पण त्याच दिवशी अंगणात सगळ्यांदेखत हेही सांगितलं की जमीन संस्थेची, मोहाची झाडं टोल्याची. सासऱ्याच्या आधीपासून रीतच आहे ती. मोह कोणाच्या का बांधा-धुऱ्यावर असेना, फुलं गोंडांची. त्या एका बोलावर टोल्याच्या बायामाणसांनी पायाची गिट्टी फुकट फोडून दिली. हे साऱ्या गावाचं कॉलेज आहे, म्हणून आनंदरावांनी भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या.

मग कापसाच्या जिनवाल्या शेठने हॉल बांधून द्यायचं कबूल केलं. त्याच्या बापाचं नाव वर, बैलाएवढ्या अक्षरांत, आणि ते अमरावतीकडे जाणाऱ्या मोटारींतून वाचता आलं पाहिजे, ही अट. मधे मोह आडवे येत होते. संस्थेची सभा भरली, मोह तोडायचा ठराव झाला. ज्या बाईचं वावर, तिला कोणी विचारलं नाही. चैत आहे, फुलं गळत आहेत, निदान ती तरी वेचून होऊ द्या, एवढीही कळ काढली नाही.

मी पोचले तर मोह आडवे पडलेले. फुलं पायाखाली चेंदून सगळीकडे गोड, आंबूस वास सुटला होता आणि त्या वासावर माश्या आल्या होत्या. तानबाचं डोकं धुरपताच्या मांडीवर होतं. धुरपता त्याची माय; ती अन् मी एकाच साली या गावात सून म्हणून आलो. तानबाचा एक कान जागेवर नव्हता. धुरपता त्याच्या केसांत अडकलेली फुलं काढून बाजूला ठेवत होती.

"कोनं मारलं, धुरपता?"

"लहान मालकानं. तानबानं कुऱ्हाडीचा दांडा धरला व्हता, सोडेच ना. मालकानं हिसकली अन् उलटी करून बोथट तुंब्यानं हानली. पयले खांद्यावर. थो उठला. मंग कानावर." तिने आणखी एक फूल काढलं. "मंग नाई उठला."

गाडी जुंपून होईस्तोवर तानबा गेला.

धुरपता रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मोह आमचे म्हनून तुमीच सांगतलं व्हतं, बाई. त्याले वाटलं, खरं हाये."

घरी आले तर ओसरीवर संस्था बसलेली. आनंदराव मधे, शेठचा मुनीम शेजारी, श्रीनिवास भिंतीला टेकून. पायरीवर जिनातला हमाल चिंधू बसला होता.

"वहिनी, आमी इचार केला," आनंदराव म्हणाले. "चिंधू कबूल करून राह्यला. झटापटीत लागलं म्हनते. त्याच्या बायकोलेकराईले संस्था पोसन."

"इचार कोनी केला?"

"सगळ्याईनं. सगळ्याईचे हात वर झाले."

"माह्या पोराचाबी?"

श्रीनिवास पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

मी चिंधूकडे वळले. "तू व्हता का रे तती, मोहापाशी?"

"म्या तं जिनात गठाना उचलत व्हतो, बाई."

"मंग काऊन कबूल करतं?"

"हमाल मानूस मी. पोतं कोनाचंबी असो, पाठ माहीच."

मी आत गेले, खलातला बत्ता उचलला आणि बाहेर येता येता श्रीनिवासला म्हटलं, "चाल, ठान्यात." आनंदराव दारात आडवे आले. म्हणाले, "वहिनी, पोरगं फासावर जाईन. घरान्याचा इचार करा." त्यांनी चौकट धरली होती, त्याच हातावर बत्ता घातला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. ते खाली बसले. मुनीम वहाणा न घालताच पळाला.

श्रीनिवासची गचांडी धरली. वाटेत चौकात दोघांनी सोडवायला हात पुढे केला, पण माझ्या दुसऱ्या हातात बत्ता तसाच होता. माझ्यापेक्षा हातभर उंच पोरगा. झटका दिला असता तर मी पडले असते. नाही दिला. चिंधू मागून येत होता. त्याला अजून कोणी जा म्हटलं नव्हतं.

ठाणेदार उठून उभा राहिला, खुर्ची दिली. निरोप आधीच पोचला असावा, कारण शिपाई बेडी घेऊन चिंधूकडे निघाला.

"त्याले सोड," मी म्हटलं. "मारनारा हा हाये. माहा पोरगा."

ठाणेदार घुटमळला. श्रीनिवासने तेव्हा कुठे मान वर केली. अगदी हळू बोलला, जसा सभेत बोलत असेल तसा.

"आई, तू पाह्यलं नाई. कोर्टात हे टिकनार नाई. चिंधू तयार हाये, सारं ठरलं हाये. तू फक्त घरी जाय."

मी त्याची गचांडी सोडली. सदरा चुरगळला होता. त्याच्या डोळ्यांत बघून, बाहेर ओट्यावर बसलेल्या चिंधूलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मी बोलले.

"मारनाऱ्याची माय म्हनून मी जगीन, श्रीनिवास. लोकं थुंकतीन, पुसून घेईन. पन दुसऱ्याच्या पोराआड लपनाऱ्याची माय मी नाई. बेडी घालून घे."