काम चालू आहे

आमचं घर बांधून पूर्ण झाल्याला सतरा दिवस झाले होते, पण ही बातमी आम्ही कोणाला लागू दिली नव्हती.

कारण दारातल्या खांबावर, पत्र्याच्या पेटीत बसवलेला तात्पुरता मीटर. त्याची वीज घर बांधण्यासाठी. घरात राहण्यासाठी नाही. काम संपलं की ती कापायची, मगच कायमच्या जोडणीचा अर्ज घ्यायचा आणि जोडणी अर्जापासून तीन आठवड्यांनी द्यायची, असा नियम. मधले दिवस आम्ही अंधारात काढलेही असते. पण भाड्याची खोली सुटली होती, आणि इथे आतल्या खोलीत बाबांच्या नाकात नळी होती. नळीच्या दुसऱ्या टोकाला प्राणवायूचं यंत्र, आणि यंत्राची वायर खिडकीतून थेट त्या पेटीत. नियम करणाऱ्यांनी श्वास घेणं बांधकामात धरलं नव्हतं.

म्हणून कुंपणाची एक भिंत शिल्लक ठेवली होती. गवंडीमामा ती सकाळी बांधायचे आणि माल ओला असतानाच पाडायचे. विटा त्याच.

"जन्मभर लोक विचारत आले, मामा, कधी संपवताय?" ते म्हणायचे. "संपवू नका म्हणणारा तू पहिलाच."

अठराव्या दिवशी वीजकंपनीचे साहेब आले. हातात पक्कड.

"ही घरघर कसली?"

"कॉम्प्रेसर," मी म्हणालो. त्या यंत्रात तो असतो, त्यामुळे हे खोटं नव्हतं.

"एवढ्याशा भिंतीला कॉम्प्रेसर?"

"मोठी व्हायचीय अजून," मामा म्हणाले.

"आत कोणी राहतं का?"

बायको दारात आडवी उभी राहिली. "फरशी ओली आहे हो."

"मी कडेकडेने जातो ना."

तेवढ्यात तिच्या मागून बाबाच बाहेर आले. नाकात नळी नाही. बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा. कोणाकडेही न बघता ते भिंतीपाशी गेले, मामांच्या हातातली थापी घेतली आणि एक वीट बसवली.

डॉक्टरांनी पाच मिनिटांच्या वर नळी काढू नका म्हणून बजावलं होतं.

"आजोबा, किती राहिलंय काम?" साहेबांनी विचारलं.

बाबांनी नुसता हात हलवला: बरंच. दुसरी वीट.

साहेबांनी फॉर्म काढला. पेन चालेना. झटकलं, तळहातावर ओढून पाहिलं. मी माझं दिलं. त्यांनी आधी तारीख विचारली, मग चष्मा शोधला. तिसरी वीट. बाबांचे ओठ जांभळे पडत चालले होते आणि मी हसऱ्या चेहऱ्याने उभा होतो.

"काम चालू आहे," साहेबांनी लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "छान. परवा मोठ्या साहेबांना घेऊन येतो. आजोबांना हजर ठेवा. काम करणारा माणूस डोळ्यांनी दिसला की प्रश्नच मिटतो."

फाटक लागल्यावर आम्ही बाबांना उचलून आत नेलं, नळी लावली. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"परवा," ते म्हणाले आणि दोन श्वास थांबले. "किती वाजता?"